पाण्याखालचं गाव आणि एक आडनाव

गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं एक गाव आहे. आहे म्हणजे काय, तर वर्षातले दहा-अकरा महिने ते नसतं! साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की एप्रिल-मे मध्ये ते हळूहळू वर येतं. चिखल वाळून तडे गेलेली जमीन, घरांची जोती, जुन्या रस्त्याचा तुकडा, देवळाचे अवशेष, झाडांचे काळे पडलेले बुंधे. मे महिन्यात जुने गावकरी तिथे जमतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिश्चन मंडळी आपल्या चॅपेलचं फेस्त करतात. मग जूनमध्ये पाऊस लागतो आणि गाव परत दिसेनासं होतं.

त्या जोत्यांमध्ये एका घराचं जोतं आवर्जून दाखवतात. ते मोगूबाईंचं घर. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. आजच्या पिढीला त्यांची ओळख बहुतेक वेळा "किशोरीताईंच्या आई" अशी करून द्यावी लागते. ओळख खोटी नाहीये, पण फार अपुरी आहे. म्हणून या विकेंडला मोगूबाईंबद्दल. निवांत चहा घेऊन बसा, गोष्ट जरा लांबची आहे.

मोगूबाईंचा जन्म १५ जुलै १९०४ चा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. जन्म कलावंत समाजातला. हा समाज म्हणजे देवळांशी बांधलेला, गाणं-नाचणं ही ज्यांची सेवा समजली जायची असा. देवाच्या पालखीपुढे यांनी गायचं, उत्सवात यांनी गायचं, गावातल्या बड्या लोकांनी ऐकायचं आणि माना डोलवायच्या. पण त्याच बड्या लोकांच्या घरात लग्नाच्या पंगतीला यांचं पान नाही. बायकांचं रीतसर लग्न होणं हीच मुळात दुर्मिळ गोष्ट, त्यामुळे मुलांना बापाचं नाव लावता येईलच असं नाही. घर चालायचं आईच्या बाजूनं. आजी, आई, मावशी, मुलगी.

आता एक गंमत बघा. केसरबाई केरकर (केरी), अंजनीबाई मालपेकर (मालपे), मोगूबाई कुर्डीकर (कुर्डी), आणि मंगेशीचे मा. दीनानाथ मंगेशकर. ही सगळी आडनावं म्हणजे गावांची नावं. आपल्याकडे "-कर" लावायची पद्धत तशी सगळीकडेच आहे, त्यात विशेष काय असं कोणी म्हणेल. पण ज्यांना दुसरं काही लावायला समाजानं जागा ठेवली नव्हती, त्यांच्यासाठी गावाचं नाव हा नुसता पत्ता नव्हता. मी कुठून आले एवढं तरी मला कोणी नाकारू शकणार नाही, असा तो दावा होता. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मोगूबाईंच्या आई जयश्रीबाई. त्यांचाही आवाज चांगला होता. आपल्याला जमलं नाही ते पोरीला जमावं, तिनं मोठी गायिका व्हावं हा त्यांचा ध्यास. मोगू दहा वर्षांची होत असताना त्यांनी तिला एका हरिदासाकडे भजनं शिकायला ठेवलं, मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या फिरत्या नाटक कंपनीत घातलं. आणि १९१४ साली जयश्रीबाई गेल्या. म्हणजे दहा वर्षांची पोर, आई नाही, हातात फक्त आईची इच्छा. यात मला जास्त जाणवतं ते हे, की तिथून पुढे "गाणं सोडून दुसरं काहीतरी कर" असं म्हणणारी परिस्थिती दर दोन-चार वर्षांनी येत गेली, आणि बाईंनी दर वेळी तिला नकार दिला.

ती पहिली कंपनी बुडाली. मग सातारकर स्त्री संगीत मंडळी. नावातच सगळं आलं! तिकडे बालगंधर्व पुरुष असून शालू नेसून महाराष्ट्राला वेड लावत होते, आणि इकडे बायकांच्या कंपन्यांत बायकाच मिशा लावून पुरुषपात्रं करत होत्या. मोगूबाईंनी या कंपनीत 'सौभद्र' मधली सुभद्रा केली, गडकऱ्यांच्या 'पुण्यप्रभाव' मधली किंकिणी केली. वय वर्षं तेरा-चौदा. तिथेच गाण्याची तालीमही चालू होती, थोडं कथ्थकही शिकून झालं. लोक नाव घ्यायला लागले. आणि मग कंपनीतल्या एका ज्येष्ठ बाईंशी खटका उडाला आणि यांना बाहेर पडावं लागलं. वर तब्येतही बिघडली. मावशीनं गोव्याला नेलं, आणि मग उपचारांसाठी सांगलीला आणलं. साल १९१९.

सांगलीत जे झालं ते हिंदी सिनेमात दाखवलं तर आपण "काहीही!" म्हणू. मोगूबाई घरी बसून रियाझ करायच्या. रस्त्यानं रोज एक वृद्ध गृहस्थ जायचे, पागोटं वगैरे घातलेले. ते थांबून ऐकायचे. एक दिवस ते सरळ घरात आले आणि म्हणाले, गा. गाणं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवायला सुरुवात केली. हे कोण आहेत हे मोगूबाईंना पहिले काही दिवस ठाऊकच नव्हतं असं सांगतात. ते होते उस्ताद अल्लादिया खाँ! कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. तेही प्रकृतीसाठीच सांगलीत आले होते.

ही तालीम सुमारे दीड वर्ष चालली. मग खाँसाहेब मुंबईला गेले. आता काय करायचं? मोगूबाईंनी सरळ बिऱ्हाड उचललं आणि १९२२ साली त्या मुंबईला आल्या. अठरा वर्षांची मुलगी, पाठीशी पैसा नाही, कुठल्या संस्थानाचा आश्रय नाही. गुरू जिथे, तिथे आपण. बस.

पण मुंबईत गुरू काही मोकळे नव्हते. खाँसाहेबांकडे शिकायला धनिक घरांचं पाठबळ असलेले शिष्य होते, आणि खाँसाहेबांनी आपल्याशिवाय इतर कोणाला शिकवू नये अशी अट पडली होती असं सांगितलं जातं. तेव्हाच्या पद्धतीत यात वावगं काही नव्हतं. विद्या ही मालमत्ता होती, उस्तादाचं पोट तिच्यावर होतं आणि जो पैसे देईल तो हक्क मागणारच. आजच्या भाषेत एक्सक्लुझिव्ह लायसन्स म्हणा ना. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी काय करायचं हा प्रश्न त्या करारात कुठेच नव्हता.

मोगूबाईंनी काय केलं? आग्रा घराण्याच्या बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिकल्या. मग खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे १९२६ पासून तालीम सुरू झाली. म्हणजे समोरचं दार बंद तर बाजूच्या दारानं त्याच घरात. पण पुढे हैदर खाँही मुंबई सोडून गेले. परत सगळं थांबलं. आणि अखेर १९३४ साली खुद्द अल्लादिया खाँनी मोगूबाईंना गंडा बांधला. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोपर्यंत तालीम चालू होती.

जरा आकडे बघू (सवय आहे, जात नाही). सांगलीत पहिला स्वर शिकल्या तेव्हा वय पंधरा. गंडा बांधला तेव्हा तीस. गुरू गेले तेव्हा बेचाळीस. म्हणजे मधल्या खंडांसकट सत्तावीस वर्षं ही बाई विद्यार्थिनी होती. मधल्या काळात १९२३ साली माधवदास भाटिया यांच्याशी लग्न झालं, तीन मुलं झाली आणि १९३९ साली पतीचं निधन झालं. थोरली किशोरी तेव्हा सात-आठ वर्षांची. पस्तिशीतली विधवा बाई, तीन लेकरं, आणि पोटापाण्याचं साधन म्हणजे मैफली आणि शिकवण्या. आमच्याकडे दीड वर्षात टेक्नॉलॉजी बदलली की लोक "आता परत शिकायचं?" म्हणून वैतागतात, त्यांच्यासाठी हा परिच्छेद प्रिंट काढून क्यूबिकलमध्ये लावावा असा आहे :)

आता एवढं धरून बसावं असं त्या गायकीत होतं तरी काय? मी काही गाण्यातला जाणकार नाही, कानसेन होण्याची धडपड चालू आहे इतकंच. पण जे समजलंय ते सांगतो.

जयपूर गायकीत ख्याल बहुतेक वेळा मध्य-विलंबित लयीत चालतो. समजा तीनताल, सोळा मात्रा. बऱ्याच गायकांच्या बाबतीत ताल हा पाठीमागे चालणारा ठेका असतो. गायक आपला मजेत आलाप करतो, आणि आवर्तन संपत आलं की समेवर येऊन पोचतो. जयपूरवाल्यांचं तसं नाही. त्यांच्या आलापाचा आणि तानेचा प्रत्येक तुकडा मात्रेच्या आतल्या छोट्या भागांशी जोडलेला असतो. ताना सरळ वर जाऊन सरळ खाली येत नाहीत. वळसे घेतात, एकातून एक उलगडत जातात, आणि हे सगळं होत असताना समेकडे जाणारी वाट आधीपासून दिसायला लागते. सम आली की ती "आली" असं वाटत नाही, "हीच यायची होती" असं वाटतं. त्यात पुन्हा या घराण्याला अनवट आणि जोड रागांचं वेड. दोन रागांचे रंग एकत्र, पण शिवण दिसता कामा नये. आणि आवाज कसा? मोकळा आकार. सरगम नाही, शब्दांची फेकाफेक नाही. लपायला जागाच नाही हो!

मोगूबाईंची खासियत म्हणजे लय. लयीवरची त्यांची हुकमत हा त्या काळच्या गायक-वादकांमध्येही आदराचा विषय होता. वामनराव देशपांडे हे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, पण गाण्यावर 'घरंदाज गायकी' सारखं पुस्तक लिहून गेले (१९६१). हे वामनराव मोगूबाईंचे शिष्य. हिशेबाच्या माणसाला लयीचा हिशेब कळणाऱ्या गुरूकडे जावंसं वाटावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

मोगूबाईंची जी काही थोडी ध्वनिमुद्रणं मिळतात (यूट्यूबवर शोधा, रसिकांनी जपून ठेवलेली आहेत), त्यात एक गोष्ट पहिल्या ऐकण्यात जाणवते. बाई तुम्हाला खूश करायला बघत नाहीत. टाळी घेणारी जागा आली तरी तिथे रेंगाळत नाहीत. पहिल्यांदा ऐकताना हे कोरडं वाटेल, मला वाटलं होतं. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकलं की कळतं, रस आहे, पण तो तुमच्यासमोर ताटात वाढून ठेवलेला नाही. तुम्ही उठून पाटापर्यंत यायचं.

आता त्या गाण्याला मिळालेल्या वागणुकीबद्दल. हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

किशोरीताई लहानपणापासून आईबरोबर तानपुऱ्याला बसायच्या. दौऱ्यावर जायच्या. त्यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलंय की आयोजक आईला कसे वागवत असत. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, हॉटेल वगैरे नाहीच, कोणाच्या तरी घरी सोय, बिदागी तुटपुंजी. ज्या बाईनं एका विद्येसाठी सत्तावीस वर्षं घातली, तिला गाणं झालं की "गाणारी बाई" म्हणून एका कोपऱ्यात उभं करायचं. आणि मोगूबाई ते गिळत होत्या, कारण घरी तीन मुलं होती.

किशोरी आमोणकर म्हटलं की लोकांना आधी त्यांचा राग आठवतो. मैफलीत कोणी बोललं तर गाणं थांबवणं, व्यवस्था नीट नसेल तर गायला नकार, हॉटेलची खोली, गाडी, सगळं चोख हवं. "फार नखरे" असं पुष्कळांनी म्हटलं. पण हा हिशेब आईच्या काळापासून चालत आलेला होता. आईनं न मागितलेलं सगळं लेकीनं मागून घेतलं, नुसतं स्वतःसाठी नाही, तर कलावंताशी कसं वागायचं हे लोकांना कळावं म्हणून. नखरे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तानपुरा सांभाळत प्रवास करणारी आई बघितली होती?

बरं, मुलगी म्हणून शिकवताना मोगूबाईंनी सवलत दिली का? अजिबात नाही. आई गाणार, लेकीनं तसंच म्हणायचं, आणि तसंच येईपर्यंत परत म्हणायचं. हेच इतर शिष्यांनाही. पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर, कौसल्या मंजेश्वर अशी ही यादी मोठी आहे. जे दार पैशाअभावी आपल्यापुढे बंद झालं होतं ते बाईंनी शिष्यांसाठी उघडं ठेवलं, मला वाटतं त्यांचं सगळ्यात मोठं काम हे आहे. मानसन्मान उशिरा का होईना आले. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७४ मध्ये पद्मभूषण. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या.

आणि याच सुमाराला तिकडे गोव्यात त्यांच्या गावाचं भवितव्य ठरत होतं.

गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर. तेही गोमंतक मराठा समाजातले, म्हणजे ज्या कलावंतांच्या वंशजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जुनी प्रथा मोडून, शिकून, संघटित होऊन स्वतःचं नाव बदलून घेतलं, त्या समाजातले. ज्यांना पंगतीला बसू दिलं जात नव्हतं त्यांचा माणूस गोव्याचा पहिला मुख्यमंत्री! तर हे भाऊसाहेब बांदोडकर स्वतः कुर्डीत आले होते आणि धरणामुळे सगळ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल असं सांगून गेले, ही आठवण गावातली जुनी माणसं सांगत आली आहेत.

साळावली धरण इंजिनियरिंगच्या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. सुमारे एक किलोमीटर लांबीचा बांध, आणि बदकाच्या चोचीच्या आकाराचा तो प्रसिद्ध सांडवा. तलाव भरला की त्या गोल कड्यावरून चहूबाजूंनी पाणी आत कोसळतं, पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड असते. दक्षिण गोव्यातल्या मोठ्या भागाला पिण्याचं पाणी इथूनच जातं. ते पाणी लाखो लोक पितात, त्यामुळे "धरण नकोच होतं" असं म्हणायचा उथळपणा मी करणार नाही. पण १९८६ च्या सुमारास कुर्डी पाण्याखाली गेलं. सुमारे तीन हजारांची वस्ती, हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळे. भातशेती, नारळ, काजू, फणस. माणसं वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत हलवली. ज्या पाण्यासाठी गाव दिलं तेच पाणी उन्हाळ्यात आपल्या नळाला धड येत नाही, ही विस्थापितांची तक्रार त्यानंतर अनेक वर्षं ऐकू येत राहिली. धरणांच्या गोष्टींत हा शेवट इतक्या वेळा येतो की आता कोणी दचकतसुद्धा नाही.

कुर्डीतलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ मात्र वाचवलं गेलं. दगड न दगड सुटा करून सुमारे १७ किलोमीटरवर धरणाजवळ नेऊन परत उभारलं, त्याला काही वर्षं लागली. जांभ्या दगडातली मातृदेवतेची प्राचीन मूर्ती वेर्ण्याला नेली. म्हणजे देव हलवता आले, मूर्ती हलवता आली. घरं आणि शेतं तिथेच राहिली.

मोगूबाई तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या, मुंबईत. पुढे १० फेब्रुवारी २००१ ला त्या गेल्या. म्हणजे आपल्या गावानंतर जवळजवळ पंधरा वर्षं त्या जगल्या.

आता मघाचा तो आडनावाचा मुद्दा. ज्या समाजाला गावाच्या नावाशिवाय लावायला दुसरं काही दिलं नाही, त्या समाजातली एक मुलगी दहाव्या वर्षी आई गमावून गावाबाहेर पडली. गावानं तिला दिलं काय, तर एक नाव. आज ज्या नकाशावर गाव होतं तिथे निळा रंग आहे. जोती दर वर्षी थोडी थोडी झिजतायत, कधीतरी मे महिन्यात वर यायलाही काही उरणार नाही. पण जयपूर घराण्याचा विषय निघाला की जगात कुठेही, मुंबईत, पुण्यात, धारवाडला किंवा न्यू जर्सीतल्या कोणाच्या बेसमेंटमधल्या मैफलीत, "कुर्डीकर" हे नाव घेतलं जातं, आणि ते घेताना जुनी माणसं अजूनही कानाची पाळी पकडतात. गावानं मुलीला नाव दिलं होतं. मुलीनं ते गावासाठी सांभाळून ठेवलं.

असो. फार लांबलं. पुढच्या वेळी किशोरीताईंची एखादी रेकॉर्ड लावाल तेव्हा त्याच्या आधी दहा मिनिटं मोगूबाई ऐका. घाई करू नका, आणि मोबाइल बाजूला ठेवा. नाहीतर किशोरीताई रागावतील!